गुलाबी ट्यूबा आणि माझे ७,९३० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे एकदाचं हसून घ्या: ७,९३० रुपये. सायकलच्या ट्यूबांपायी. घरी अजून ६,७५० च माहीत आहेत.

रोड बाइकसाठी लेटेक्स (म्हणजे नैसर्गिक रबराची) ट्यूब मी साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत विचारली. मिळाली नाही. वर "साध्या ट्यूबला काय झालंय?" हे ऐकून घेतलं. कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात जीभ बाहेर आली की कळतं काय झालंय ते. लेटेक्स हलकी, मऊ, टायरबरोबर सहज दबते, त्यामुळे चाक मोकळं पळतं. मग सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जण भेटला. 'इटलीचा माल', गोड मराठी, प्रत्येक वाक्याला 'सर'. एक ट्यूब १,६५०, अशा चार, कुरिअर १५०. पैसे आधी. हो, आधीच दिले. पण माल आला हो! न येता तर मी त्याच दिवशी ओरडलो असतो.

गुलाबी ट्यूबा, चकचकीत खोका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ठेवली: १०८ ग्रॅम. खोक्यावर ७५. मी काट्याला दोष दिला. त्या काट्यावर बायको दिवाळीची भाजणी मोजते आणि तिची चकली कधी बिघडलेली नाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

बसवताना मात्र मी अगदी पुस्तकी वागलो. रिमवरची टेप स्पोकची भोकं पूर्ण झाकते ना ते पाहिलं, कारण लेटेक्स फुगून फटीत शिरते. हाताला तेल-ग्रीस नको म्हणून दोनदा साबण लावला. तेलानं लेटेक्स खराब होते. ट्यूबला टाल्कम पावडर फासली, थोडी हवा भरून टायरखाली कुठं चिमटत नाही ना ते बोटानं चाचपलं. एवढी बडदास्त रंग दिलेल्या साध्या ब्युटाइलची, म्हणजे नेहमीच्या काळ्या रबरी ट्यूबची!

आता खरा जाळणारा भाग. रात्री ८० पीएसआय हवा भरली. सकाळी गेज लावला तर काटा जवळजवळ तिथंच. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. आणि मी खूश! ग्रुपवर लिहिलं, "क्वालिटी बघा, हवाच जात नाही." अहो, लेटेक्समधून हवा झिरपतेच, एका रात्रीत प्रेशर उतरतं, रोज सकाळी पंप मारावा लागतो. हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना मीच सांगायचो. माझ्या त्या मेसेजवर दोघांनी त्याचा नंबर मागितला आणि मी दिला.

रविवारी कासहून उतरताना मागची ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी उसवली. वेग कमी होता म्हणून वाचलो. जवळची जादा ट्यूब घातली, तीही तिथंच फुसफुसायला लागली. टेम्पोला ४०० रुपये दिले, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. खाली पंक्चरवाल्या काकांनी नखानं खरवडलं. गुलाबी पापुद्रा निघाला, खाली काळं. "आवो दादा, रंग दिलाय ह्याला. पैशे किती घातलं?" मी दोनशे म्हणालो.

त्या माणसाला फोन केला तर तो माझ्यापेक्षा जास्त हळहळला. 'नवा लॉट पाठवतो, फक्त कस्टमचे १,१८० भरा.' भरले. कारण आधीचे ६,७५० वाचवायचे होते. यावर अधिक बोलत नाही. पैसे परत मिळवायला पैसे मागितले की फोन ठेवा, एवढंच.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर मिळाला. तुम्ही माझ्यासारखे नऊ दिवस थांबू नका, पैसे गेल्याच्या तासाभरात फोन करा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलिस ठाण्यात दोन तास बसवून विचारलं, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" लेटेक्स म्हणजे काय हे मी तिघांना तीनदा सांगितलं. चौथा म्हणाला, "अहो, एवढ्या पैशात सेकंडहँड सायकल येते." हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक आयोगात जा. तिथं खरेदीचा पुरावा लागतो. बिल नाही. चॅट आहे, म्हटलं. त्याची प्रिंट आणा. आणली, ६० रुपये. मग साहेब रजेवर.

खोका उघडताना व्हिडिओ काढा. खरी लेटेक्स फुग्यासारखी ताणते. ताणून बघा, लाजू नका. आणि बिल नसेल तर घेऊच नका.

निघताना हवालदार म्हणाले, ट्यूबा सांभाळून ठेवा, मुद्देमाल आहे. चारही पिशवीत घालून कपाटावर ठेवल्यात. बायको विचारते, पिशवीत काय आहे.