बँकॉक, 2 रात्री 3 दिवस: 'कपल स्पेशल' पॅकेजमध्ये हाती काय लागतं?

शुक्रवारी मध्यरात्री मुंबईहून निघायचं, सोमवारी परत. विमानतळ ते हॉटेल ने-आण, रोजचा नाश्ता, चाओ फ्राया नदीवरचं डिनर क्रूझ, अर्ध्या दिवसाची सिटी टूर आणि पलंगावर गुलाबपाकळ्या. थोड्याफार फरकाने सगळे टूरवाले हेच विकतात. आमच्याकडून पाचपैकी दोन. बँकॉकला साडेचार दिले असते, पण या पॅकेजात बँकॉक फारसं येतच नाही.

आधी तासांचा हिशेब मांडू. साडेबाराला सुटलेलं विमान सव्वाचार तासांत पोचतं, पण तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे उतरताना सव्वासहा. इमिग्रेशनची रांग आणि बॅगा धरून साडेसात. खोली मिळणार दुपारी दोनला. मधले साडेसहा तास पत्रकात कुठेच नसतात आणि सहल नासते ती इथेच. रात्रभर जागलेली दोघं लॉबीतल्या सोफ्यावर पेंगतात, दोनला खोलीत जाऊन जी आडवी होतात ती क्रूझच्या गाडीचा फोन येईपर्यंत. शनिवार गेला. सोमवारी नाश्ता आणि विमानतळ. राहिला एक रविवार.

त्या रविवारची सकाळ सिटी टूरमध्ये जाते. व्हाउचरवर 'एसआयसी' लिहिलेलं असेल तर ती सीट-इन-कोच गाडी, म्हणजे पाच-सहा हॉटेलांतून माणसं गोळा करत फिरणारी. प्रातुनाम आणि सुखुमवितच्या ट्रॅफिकमध्ये नुसतं गोळा करण्यातच तासभर जातो. मग सुवर्णबुद्ध, म्हणजे वाट त्राइमित (थाईत 'वाट' म्हणजे मंदिर). साडेपाच टन वजनाची ही मूर्ती कितीतरी वर्षं गिलाव्याखाली झाकलेली होती. 1955 मध्ये हलवताना गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं. बघण्यासारखीच आहे, पण वाट्याला वीस मिनिटं येतात. पुढे संगमरवरी मंदिर आणि मग तासभर 'जेम्स गॅलरी', म्हणजे खड्यांचं दुकान. ग्रँड पॅलेस या राजवाड्याबाहेर 'आज बंद आहे' अशी थाप मारून टुकटुकवाले चिल्लर पैशांत ज्या दुकानी नेऊन सोडतात, त्याच जातीचं हे दुकान. पॅकेजवाल्यांना ते पैसे मोजून बघायला मिळतं. खडे घेऊ नका. तिथल्या तिथे पारख करता येत नाही आणि घरी आल्यावर परत करता येत नाहीत.

ग्रँड पॅलेस या टूरमध्ये का नसतो? तिकीट माणशी 500 थाई बाट, म्हणून. आणि वगळायची नाही अशी जागा नेमकी तीच. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूबुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत रामकियेन, म्हणजे थाई रामायण, 178 चित्रांत रंगवलंय. त्यात एका ठिकाणी अवाढव्य पांढरा हनुमान रामाचा अख्खा मंडप तोंडात धरून बसलाय. मैयरब रामाला पळवायला येणार, म्हणून हा पहारा. मैयरब म्हणजे आपला महिरावण. ओळख पटली की पाय निघत नाही.

क्रूझ दोन तासांचं. 'अप्पर डेक' व्हाउचरवर छापलेलं नसेल तर खालच्या एसी मजल्यावर काचेमागे बसवतात, आणि काचेत दिसतात आतलेच दिवे. दिव्यांनी उजळलेलं वाट अरुण बाजूने सरकतं ते पाच मिनिटं, आणि नेमकी तेव्हाच बुफेची रांग लागलेली असते. पनीर, नान, डीजे. वाईट नाही, पण एवढ्यासाठी बँकॉक कशाला?

विमान आणि हॉटेल तेवढं घ्या, बाकीचं कापायला लावा. लवकर चेक-इन लेखी मागा. अर्ध्या दिवसाचं भाडं पडलं तरी द्या. नसेल मिळत तर बॅगा रिसेप्शनला ठेवून घेतात. सुवर्णभूमी विमानतळाहून एअरपोर्ट रेल लिंकने फया थाई 45 बाट, अर्ध्या तासाच्या आत. (सामान जास्त असेल तर मीटरची टॅक्सी, वर 50 बाट विमानतळाचे आणि टोल वेगळा. टॅक्सीच्या रांगेतल्या मशीनमधून येणारी चिठ्ठी स्वतःजवळ ठेवा.) मग शनिवारीच एमआरटीने, म्हणजे भुयारी मेट्रोने, सनाम चाय स्टेशन, तिथून चालत राजवाडा. एमआरटीच्या गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवलं की काम होतं, बीटीएसचं, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या मेट्रोचं, तिकीट वेगळं. राजवाडा साडेआठला उघडतो, साडेतीनला तिकीट बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मग वाट फो, 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, 300 बाट. शेजारच्या ता तियन धक्क्यावरून 5 बाटमध्ये होडीने पलीकडे वाट अरुण, 200 बाट. दोघांचं हे सगळं, रेल लिंक धरून, 2,100 बाट. एमआरटीचे थोडे वेगळे. संध्याकाळी नदी ओलांडून परत अलीकडे या. सूर्य वाट अरुणच्या मागे बुडतो आणि धक्क्यावर बसायचे पैसे पडत नाहीत.

रविवारी चतुचक. हा बाजार पूर्ण भरतो शनिवार-रविवारीच, म्हणजे वीकेंडला जाण्याचा खरा फायदा हाच, आणि पॅकेजात तोच नसतो. एमआरटीचं कांफेंग फेत स्टेशन बाजाराला लागूनच आहे. सकाळी नऊ-दहालाच गाठा; बारानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. तरंगत्या बाजाराचा मोह या खेपेला सोडा, दामनोएन सदुआक शंभर किलोमीटरवर आहे.

शाकाहाऱ्यांनी 'व्हेज' म्हणून भागत नाही. भाजीतही फिश सॉस पडतो, सोम तममध्ये, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सुकी कोळंबी. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात 'जे' (เจ) लिहिलेली खाण्याची गाडी शोधा. त्यात कांदा-लसूणही नसतो.

खोलीबद्दल दोनच गोष्टी. 'एकच डबल बेड' लिहून घ्या, नाहीतर दोन सिंगल पलंग जोडून वर चादर ताणतात आणि रात्री मधली फट जाणवते. पलंगावर मांडलेले टॉवेलचे हंस खोलीतल्याच दोन टॉवेलचे असतात, आंघोळीला ते मोडावे लागतात. डिपॉझिट रोख द्या. फॉरेक्स कार्डावर अडकलेले पैसे सुटायला बरेच दिवस लागतात. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी साइटवर फुकट भरता येतं, त्याचे पैसे कुणालाही देऊ नका. पॅकेजच्या बिलात टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने सरकारसाठी आगाऊ घेतलेला आयकर, धरलेला असतो. ज्याचा पॅन दिला त्याच्या आयकर खात्याच्या करपत्रकात (26एएस) तो दिसतो का बघा आणि रिटर्न भरताना वळता करून घ्या.