तर्काची वाट आणि भक्तीची वाट

जुन्या ख्रिस्ती वसाहतीचे नाव असलेल्या नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून जाताना मनात नेहमी एक प्रश्न उभा राहतो: ख्रिस्ती विचार मराठीत अधिक खोल रुजला तो लेखक बाबा पदमनजींच्या तर्कामुळे, की कवी नारायण वामन टिळकांच्या भक्तीमुळे?

पदमनजींनी (१८३१–१९०६) १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म विवेकाला पटला पाहिजे, या आग्रहाने त्यांनी मूर्तिपूजा, जातिभेद आणि विधवांची दुर्दशा यांची चिकित्सा केली.

टिळकांची वाट निराळी होती. नाशिकला शिकलेल्या आणि जवळच्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी विवाह झालेल्या या कवीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी वारकरी संतांचा वारसा सोडला नाही. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो अशी त्यांची भावना होती, आणि म्हणून त्यांचा ख्रिस्त अभंगांतून आणि भजनांतून, कधी गुरू तर कधी आई होऊन भेटतो. हे काही ख्रिस्ती परंपरेबाहेरचे नव्हे. इ.स. ३२५ च्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या नायसिया परिषदेनेही पुत्र (ख्रिस्त) पित्याशी (देवाशी) एकतत्त्व आहे हे सांगण्यासाठी बायबलमध्ये नसलेला, ग्रीक तत्त्वचिंतनाला परिचित असा शब्द स्वीकारला होता. जो समाज ज्या भाषेत विचार करतो, त्या भाषेतच श्रद्धेला अर्थ येतो. टिळकांनी तेच मराठीत केले.

माझा कौल टिळकांना आहे. मात्र विधवांच्या प्रश्नावर पदमनजींनी १८५७ मध्येच कादंबरी लिहून जी धार दाखवली, ती भजनांत शोधून सापडत नाही.