डोकं दुखतंय: गरोदरपणी कोणती गोळी, अंगावर पाजताना कोणती?

पॅरासिटामॉल दोन्ही काळांत पहिली निवड. 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास, दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर ही मर्यादा डॉक्टरांकडून कमी करून घ्या. घोळ होतो तो सर्दीच्या गोळीमुळे. तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं आणि डोस नकळत दुप्पट होतो, म्हणून पाकिटामागचे घटक वाचाच. कॅफिन मिसळलेली गोळी गरोदरपणी नको.

आयबुप्रोफेनचा हिशेब बाळंतपणानंतर पालटतो. गरोदर असताना ते स्वतःहून घेऊ नये. 20 आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तिमाहीत तर जन्मानंतर मिटायची हृदयाजवळची रक्तवाहिनी पोटातच आकसू शकते. अंगावर पाजताना मात्र हेच औषध चांगलं, कारण दुधात ते अगदी नगण्य उतरतं. 400 मिलिग्रॅम, पोटात अन्न असताना, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामकाने उठणारा दमा असेल तर टाळा. बाळाच्या भीतीने कित्येक आया विनाकारण कळ सोसत राहतात, त्याची गरज नाही.

अर्धशिशीला पॅरासिटामॉल पुरलं नाही तर सुमाट्रिप्टानचा विचार होतो. गरोदरपणी ते डॉक्टरांनी सांगितलं तरच, पाजताना चालतं. अर्गोटामिन हे अर्धशिशीवरचं जुनं औषध दोन्हीकडे वर्ज्य. कोडीन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक पाजताना नकोच: काही आयांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने बनतं आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. अॅस्पिरिन डोकेदुखीसाठी दोन्ही काळांत नको. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी दिलेली अॅस्पिरिनची कमी मात्रेची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

गोळी कोणतीही असो, महिन्यात 10 ते 15 दिवस लागू लागली तर तिच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

20 आठवड्यांनंतर, किंवा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत, जोरात डोकं दुखलं तर आधी रक्तदाब मोजा. 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, डोळ्यांपुढे ठिपके चमकत असतील किंवा बरगड्यांखाली दुखत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. क्षणात शिगेला पोहोचणारी कळ, फिट येणं, हातापायातली शक्ती जाणं यांतही थांबू नका. पाठीतून भूल दिल्यावर बसलं की वाढणारी आणि आडवं झाल्यावर ओसरणारी डोकेदुखी वेगळी. ती भूलतज्ज्ञांना कळवा, तिच्यावर स्वतंत्र उपचार आहे.