चौकटीच्या चार कडा : नाशिकमधील एका छायाचित्रण कार्यशाळेविषयी

गेल्या हिवाळ्यात नाशिकमध्ये शनिवार आणि रविवार अशा दोन सकाळी झालेल्या छायाचित्रण कार्यशाळेत मी सहभागी झाले होते. विषय एकच होता, छायाचित्राची मांडणी. शटर, अॅपर्चर वगैरे कॅमेऱ्याच्या तांत्रिक बाबींतले काहीही शिकवले जाणार नाही, हे आयोजकांनी नोंदणीच्या वेळीच सांगितले होते. मोबाइल घेऊन येणाऱ्यांनाही प्रवेश होता आणि हा निर्णय मला योग्य वाटला, कारण कुठे उभे राहायचे आणि चौकटीत काय घ्यायचे हे कॅमेऱ्याच्या किमतीवर अवलंबून नसते.

पहिली सकाळ गोदाघाटावर होती. दुतोंड्या मारुतीची वीस छायाचित्रे घ्यायची, झूम वापरायचा नाही, हवे तर चालत पुढे-मागे व्हायचे, एवढाच अभ्यास दिला होता. रामकुंडाच्या परिसरात सकाळी छत्र्या, फुलांच्या टोपल्या, विजेच्या तारा आणि फलक यांची इतकी दाटी असते की पहिल्या पाच-सहा छायाचित्रांत मारुती मला जवळजवळ दिसेनासाच झाला होता. प्रशिक्षकांनी सांगितलेली सवय साधी होती : बटण दाबण्यापूर्वी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवायची. तसे केल्यावर मूर्तीच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा खांब माझ्या लक्षात आला. दोन पावले डावीकडे सरकून गुडघे टेकल्यावर तो मूर्तीमागे झाकला गेला आणि घाटाच्या पायऱ्यांच्या तिरक्या रेषा थेट मारुतीकडे जाऊ लागल्या. या एका तासासाठी संपूर्ण शुल्क द्यायलाही माझी हरकत नाही.

रूल ऑफ थर्ड्सच्या (चौकट उभी-आडवी तीन-तीन समान भागांत विभागण्याच्या तत्त्वाच्या) शिकवणीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मोबाइलमधील ग्रिड सुरू करा आणि विषय रेषांच्या छेदबिंदूवर ठेवा, असे जवळपास आज्ञेसारखे सांगण्यात आले. हे तत्त्व तोल साधण्याची एक वाट आहे, कायदा नव्हे. दुसऱ्या दिवशी डोंगरावरील पांडवलेणी या बौद्ध लेण्यांतील १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, ते उघडच दिसले : दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा टोकाच्या स्तूपापाशी नजर नेतात, आणि तो स्तूप मध्यभागी ठेवला नाही तर सारी सममिती मोडते. तेथे मध्य सोडणेच चूक ठरले असते आणि प्रशिक्षकांनी ते मान्यही केले, पण पहिल्या दिवशीच सांगितले असते तर नवख्यांचा गोंधळ टळला असता.

व्यवस्थेत दोन उणिवा राहिल्या. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडसाठी परवानगी लागते, याची पूर्वसूचना न मिळाल्याने तिघांना आपले ट्रायपॉड खालीच ठेवावे लागले. शिवाय एका तुकडीत बावीस जण असल्यामुळे छायाचित्रांच्या चर्चेला प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे आली. माझ्या मते खरे शिक्षण त्या चर्चेतच होते; आपणच काढलेल्या छायाचित्राच्या कोपऱ्यातला अर्धा तुटलेला हात दुसऱ्याने दाखवून दिला की तो पुन्हा नजरेतून सुटत नाही.

कॅमेरा चालवता येतो पण छायाचित्रे सपाट वाटतात, अशांना मी ही कार्यशाळा निश्चित सुचवीन. तारीख मात्र पावसाळा सोडून निवडावी, कारण गोदावरीला पूर आला की घाट पाण्याखाली जातो आणि मारुतीचा हा अभ्यास करताच येत नाही.