समोर कोणी नसताना पूलची मॅच: मोबाइल, घोस्ट की बोलियार्ड्स?

मार्च २०२० मध्ये क्लबांना कुलपं लागली आणि दूर राहून मॅच कशी खेळायची याची शोधाशोध नाइलाजाने सुरू झाली. कुलपं केव्हाच उघडली, गरज मात्र उरली आहे. कोणाच्या घरी केमो सुरू असलेले वडील असतात, कोणाला डॉक्टरांनी बंद खोलीतली गर्दी टाळायला सांगितलेलं असतं. पूल पार्लर म्हणजे बहुधा खिडक्या मिटलेली एसी खोलीच. शिवाय जुना जोडीदार नोकरीपायी पुण्याला गेलेला असतो, तो वेगळाच. नाशिकमध्ये बसून अशी मॅच जमवायची असेल तर काय निवडावं?

माझं झुकतं माप आधीच सांगतो. आपापल्या खऱ्या टेबलावर खेळायचं आणि फक्त स्कोअर भिडवायचा. बाकीचे पर्याय दुय्यम आहेत, पण निकामी नाहीत.

मोबाइलवरचा पूल सगळ्यात सोपा. फुकट आहे, टेबल लागत नाही, प्रतिस्पर्धी मिनिटभरात मिळतो. कोणता बॉल आधी घ्यायचा, पांढरा (ज्याला क्यूने मारतात तो बॉल) कुठे थांबवायचा, याचा विचार तिथेही होतो. पण बॉल कुठे जाणार याची रेघ ॲपच आखून देतं, आणि हात सरळ गेला की वाकडा हा प्रश्नच येत नाही. महिनाभर फक्त मोबाइलवर खेळून टेबलाशी परत गेलात तर साधा स्क्रूसुद्धा (पांढरा मागे खेचायचा शॉट) फसतो. एक सावधगिरी हवी: पैसे लावून खेळायचं ॲप कोणी सुचवलं तर नको म्हणा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला ऑनलाइन गेमिंग कायदा पैशांच्या खेळांवर बंदी घालतो, आणि ‘हा तर कौशल्याचा खेळ’ ही पळवाट त्यात ठेवलेली नाही.

व्हीआर हेडसेट मोबाइलच्या एक पायरी वर. कोन आणि अंतर खरं वाटतं, पण डावा हात टेकवायला खाली टेबलच नसतं. हेडसेट घरात असेल तर जरूर खेळा, त्यासाठी मुद्दाम विकत घेऊ नका.

तिसरा प्रकार ऐकायला भारी वाटतो: दोघांकडे खरी टेबलं, व्हिडिओ कॉल चालू आणि एकच गेम. मी शॉट मारला की बॉल कुठे थांबले ते रेलवरच्या, म्हणजे टेबलाच्या काठावरच्या, डायमंड नावाच्या खुणांवरून सांगायचं आणि समोरच्याने आपल्या टेबलावर तसेच मांडायचे. खऱ्या टेबलावर दूर राहून सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडकवणारा शॉट, फक्त इथेच खेळता येते, म्हणून मोह होतो. अडचण मांडणीत आहे. बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर, आणि नजरेने मांडताना सेंटिमीटरभर इकडेतिकडे सहज होतं. समजा, त्याने पांढरा नेमका आठ नंबरच्या बॉलमागे लपवला. त्याच्या टेबलावर माझा बॉल पूर्ण झाकलेला आहे, माझ्या टेबलावर मात्र त्याची कड दिसते आहे. आता मी स्नूकर झालोय की नाही? त्याच्या कष्टाचं माप माझ्या टेबलावर कमी भरलं, आणि दोष कोणाचाच नाही. पुन्हा पंधरा बॉलच्या गेममध्ये एकेका शॉटला बरेच बॉल हलू शकतात, म्हणजे खेळण्यापेक्षा मांडण्यातच संध्याकाळ जाते. तीन-चार बॉलचा शेवटचा डाव मांडून खेळायचा असेल तर मात्र यासारखी मजा नाही.

उरला स्कोअरचा मार्ग. यात दोघे एकमेकांचे बॉल हलवतच नाहीत, त्यामुळे कॉल दोन सेकंद मागे पडला तरी बिघडत नाही. यातही तीन खेळ आहेत आणि निवड तुमच्या दर्जावर ठरते.

घोस्टमध्ये प्रतिस्पर्धी म्हणजे एक काल्पनिक भूत. नाइन-बॉलचा रॅक (एक ते नऊ नंबरच्या बॉलची मांडणी) लावून ब्रेक करायचा, म्हणजे तो फोडायचा, मग पांढरा हवा तिथे ठेवायचा आणि क्रमाने नऊपर्यंत साफ करायचं. एक चुकला की रॅक भुताची, कारण भूत कधी चुकत नाही. दोघांनी दहा-दहा रॅक खेळून जिंकलेल्या मोजायच्या. चांगल्या खेळाडूंना यासारखी कसोटी नाही. पण आपल्यासारखे रविवारचे खेळाडू दहापैकी शून्य विरुद्ध शून्य अशी मॅच खेळून उठतात. तीन किंवा पाच बॉलचा घोस्ट लावला तर निकाल तरी लागतो.

बोलियार्ड्स मला सगळ्यात आवडतो. दहा बॉलचा रॅक, दहा फ्रेम आणि गुण बोलिंगसारखे. ब्रेकमध्ये पडलेले बॉल परत टेबलावर येतात, पांढरा हेड स्ट्रिंगच्या (ब्रेक करायच्या बाजूची रेघ) मागे ठेवून सुरुवात करायची, आणि एका फ्रेममध्ये दोन संधी. पहिल्या संधीत सहा पडले, मग चुकला. दुसऱ्या संधीत उरलेले चार पडले की स्पेअर, म्हणजे दहा अधिक पुढच्या संधीतले गुण. दहाही पहिल्याच संधीत गेले तर स्ट्राइक. कमाल ३००. दुसरी संधी असल्यामुळे एका घाणेरड्या चुकीने मॅच संपत नाही, आणि सलग दोन स्ट्राइक पडले की पिछाडीवरचा माणूसही उसळून वर येतो.

इक्वल ऑफेन्स जास्त कडक आहे. पंधरा बॉलचा रॅक, दहा इनिंग (पाळ्या), दर इनिंगला जास्तीत जास्त २० गुण, एकूण २००. चुकलात की इनिंग संपली. चौदाच्या पुढे जायचं तर शेवटचा बॉल पुढचा रॅक फोडता येईल असा राखावा लागतो. हे जमणाऱ्यांनीच याच्या नादी लागावं.

तिन्ही खेळांत एक गोची सारखीच: टेबलं सारखी नसतात. साडेचार इंची पॉकेटवरचे १२० गुण आणि ढिल्या पॉकेटवरचे १२० एक नव्हेत. त्यात जुलैत नाशिकच्या ओल्या हवेत कापड जड होतं, पांढरा अर्ध्यात दमतो, आणि तिकडे एसी हॉलमधलं टेबल पळत असतं. म्हणून आधी दोघांनी तीन-तीन डाव खेळून आपली सरासरी काढावी आणि मॅचमध्ये त्या सरासरीच्या किती वर गेलात ते मोजावं.

टेबल आणायचं कुठून? सात फुटी टेबलालाही क्यू मोकळा फिरायला साधारण १३ बाय १६ फूट जागा लागते, तेव्हा इंदिरानगरच्या टू बीएचकेचा विचार सोडा. गंगापूर रोडला बंगला असेल तर प्रश्न नाही. नाहीतर सोसायटीचं क्लबहाऊस बघा, किंवा ओळखीच्या पार्लरमध्ये मार्करला (टेबलं सांभाळणाऱ्याला) सांगून सकाळचा पहिला तास घ्या. तेव्हा आत गर्दी नसते आणि दारही उघडं ठेवता येतं.

फोन छोट्या रेलच्या मागे, डोक्यापेक्षा उंच लावा, म्हणजे सहाही पॉकेट आणि पांढरा दिसेल. बाहीचा बॉलला झालेला स्पर्श तरीही दिसणार नाही. ज्याच्या शब्दावर विश्वास नाही त्याच्याशी हे खेळूच नका.

नवशिक्यांनी तीन बॉलचा घोस्ट घ्यावा, क्लबात नेहमी दिसणाऱ्यांनी बोलियार्ड्स, आणि टेबलच मिळत नसेल तर मोबाइल, पण पोटापुरता. लाईट गेली तर काय, हेही आधी ठरवा. आमच्यात ती इनिंग रद्द धरतात, रॅक नव्याने लागतो आणि आधी पडलेले बॉल मोजत नाहीत.