टाकाऊतून शिल्प: अंबडचं भंगार घेऊ की डहाणूच्या किनाऱ्यावरचं सामान?

भाचीला टाकाऊ वस्तूंची शिल्पं करायचीयेत आणि गेले पंधरा दिवस तिचा एकच प्रश्न, मामा भंगारवाल्याकडे जाऊ की समुद्रावर? मी दोन्ही करून बघितलंय, तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

सामानाचं म्हणाल तर नाशकात लोखंडाची ददात नाही. सातपूर-अंबडला एमआयडीसी असल्यामुळे बेअरिंग, गिअर, चेन, स्प्रिंगा, पत्र्याची कातरणं सगळं किलोवर मिळतं, फक्त घासाघीस करायची तयारी ठेवा. डहाणू-बोर्डी म्हणजे त्र्यंबक-जव्हारवरून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, माल फुकट पण पेट्रोल फुकट नाही, आणि काय हाती लागेल ते समुद्र ठरवणार. ओहोटीची वेळ बघूनच जा. प्रवाळ दिसलं तरी उचलू नका, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

पण खरा फरक जोडण्यात आहे, लोक नेमकं तेच विचारत नाहीत. लोखंड वेल्डिंगने जोडलं की विषय संपला, फक्त गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर जोडाच्या जागचा जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याचा धूर छातीत गेला की रात्री सणसणून ताप भरतो. किनाऱ्यावर मिळणारे दोर, जाळी, झाकणं हे बहुतेक पॉलिथिन नाहीतर पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे गोंद न धरणारं प्लॅस्टिक, त्याला अराल्डाइट लावा नाहीतर फेविक्विक, दोन दिवसांत सुटतं. भोक पाडायचं आणि तारेने शिवायचं, घरच्या घरी सोपा इलाज तोच. अमेरिकेत ओरेगनमधल्या बँडन गावात २०१० पासून अँजेला हॅझेल्टाइन पोझी यांचा वॉश्ड अशोर प्रकल्प चालू आहे, ते लोक किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकचे एवढे मोठमोठे समुद्री प्राणी करतात तेही आत सांगाडा उभा करूनच.

दिसण्यात पण फरक आहे. लोखंडात रेष मिळते. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं केलं, कारण आकार आधीच त्या वस्तूंत होता. प्लॅस्टिकमध्ये रंग मिळतो, तो उन्हाने विटलेला निळा आणि चपलांचा फिकट गुलाबी विकत कुठे मिळणार?

टिकण्याचं मात्र नीट ऐका. नांदूरमध्यमेश्वरला बघितलेला बगळा मी घरी केला, पाय सळईचे, डोळा छोट्या बेअरिंगचा आणि मान किनाऱ्यावर सापडलेल्या निळ्या क्रेटच्या पट्ट्यांची. गच्चीवर ठेवला. दोन उन्हाळ्यांत मान बोटाने दाबली की भुगा होऊन पडायला लागली, पाय अजून ठणठणीत, वर्षातून एकदा रेड ऑक्साइडचा हात मारतो बस. म्हणजे प्लॅस्टिकचं काम घरातच ठेवा. समुद्रातलं लाकूड आणाल तर आठवडाभर गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून, मग सावलीत वाळवायचं, नाहीतर आतल्या मिठामुळे त्यात ठोकलेले खिळे गंजतात. लाकूडच हवं असेल तर एवढ्या लांब कशाला जायचं, गोदेचा पूर पूर्ण ओसरला की घाटावर ओंडके-फांद्या अडकलेल्या असतात, त्यात मीठ नसतं.

माझं मत स्पष्ट आहे, ओळखीचा वेल्डर असेल तर लोखंडापासून सुरुवात करा. फ्लॅटमध्ये राहता, ग्राइंडरच्या आवाजाने शेजारी वैतागतील, तर ड्रिल, तार, पक्कड घ्या आणि किनाऱ्याचं सामान धरा. भाची तिसऱ्या मजल्यावर राहते तरी तिला लोखंडच हवंय, म्हणून आमच्या वेल्डरदादांशी बोलून ठेवलंय, रविवारी सकाळी तिला घेऊन अंबडला जातोय.