खोल समुद्रातलं 'जबाबदार' खाणकाम: पट्ट्यांवरचं मशीन की तरंगता रोबो?

बॅटरीसाठी निकेल-कोबाल्ट विकत घेणारे असा नाहीतर ग्रीन फंडात पैसे टाकणारे, खाण कंपन्या सगळ्यांना ऐकवतात एकच, आमचं खाणकाम समुद्राला जपून होतं म्हणून. पण पद्धती दोन आहेत आणि त्यांच्यात फरक बराच आहे.

पहिली पट्ट्यांवर चालणाऱ्या मशीनची. पॅसिफिकमध्ये हवाई आणि मेक्सिकोच्या मधे क्लॅरियन-क्लिपर्टन झोन आहे, 4 ते 5.5 किमी खोल, तिथे तळावर बटाट्याएवढे नोड्यूल, म्हणजे निकेल-कोबाल्ट असलेले गोळे, पडलेत, ते हे मशीन फिरत फिरत ओढून घेतं आणि पाइपातून थेट जहाजावर पाठवतं. 2022 ला द मेटल्स कंपनी आणि ऑलसीजने 'हिडन जेम' जहाजावरून असा 3,000 टनांच्या वर माल काढून दाखवला, म्हणजे टेक्निकली जमतं यात वाद नाही. वाद आहे तो मशीनमुळे तळाशी उठणाऱ्या गाळाच्या ढगाचा. 2021 ला बेल्जियमच्या जीएसआर कंपनीने पॅटानिया 2 हे असंच मशीन उतरवलं (ते मधेच केबलपासून सुटून तळाशी अडकलं, नंतर काढलं), त्या ट्रायलला एक चांगलं झालं, बाहेरचे सायंटिस्ट मोजायला हजर होते. त्यात 92 ते 98 टक्के गाळ तळापासून 2 मीटरच्या आतच राहिला असं निघालं. कंपन्या हा आकडा फार आवडीने सांगतात, पण ट्रायल छोटी होती आणि खरी खाण वर्षानुवर्षं चालणार, तेव्हा राहिलेले 2 ते 8 टक्केसुद्धा थोडे नाहीत. शिवाय नोड्यूलसोबत वर आलेलं गढूळ पाणी परत समुद्रातच सोडायचं, तो दुसरा ढग वेगळाच.

दुसरी पद्धत इम्पॉसिबल मेटल्स या कंपनीची. त्यांचा युरेका रोबो तळाला न टेकता तरंगतो, कॅमेऱ्याने बघून एकेक नोड्यूल उचलतो, जीव दिसला तर तो सोडून पुढे जातो, आणि लांब पाइपही नाही म्हणजे वरून गढूळ पाणी सोडायचा प्रश्नच नाही. कागदावर मला हेच जास्त पटतं. पण मोठ्या प्रमाणावर चालवून अजून कोणी दाखवलेलं नाही, आणि कॅमेऱ्याला दिसणारे जीव सोडले तरी गाळात राहणारे बारीक जीव त्याला दिसणार कसे?

आणि एका ठिकाणी दोन्ही सारख्याच अडकतात. नोड्यूल दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो, त्याच्यावरच चिकटून राहणारे प्राणी आहेत, तो उचलला की घर गेलं. पेरूजवळ 1989 ला सायंटिस्टांनी मुद्दाम तळ नांगरून ठेवला होता, 26 वर्षांनी जाऊन बघितलं तर चर तसेच. त्यामुळे 'नंतर पूर्ववत करू' असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबवा.

धातू विकत घेणाऱ्यांनी माझ्या मते आत्ता थांबावं, बीएमडब्ल्यू, व्होल्वो, गूगल, सॅमसंग एसडीआय यांनी 2021 लाच असा माल सध्या घेणार नाही म्हटलंय, आणि एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत निकेल-कोबाल्ट लागतही नाही. पैसे टाकणाऱ्यांनी परवाना कुणाचा ते आधी बघावं, कारण कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रतळाचा कारभार बघणाऱ्या, जमैकातल्या किंग्स्टनच्या आंतरराष्ट्रीय सीबेड अथॉरिटीचे खाणकामाचे नियम बरीच वर्षं रखडलेत आणि ट्रम्प यांच्या एप्रिल 2025 च्या आदेशानंतर अमेरिकेने स्वतःच परवाने द्यायचा रस्ता धरलाय. तरीही निवडायचंच असेल तर तरंगत्या रोबोवाल्यांकडे मोजमापाचा सगळा डेटा मागा, आणि तो मोजला कुणी तेही विचारा.